त्याच्या आधीचा थांबा

कासारे सरांची आठवण आली की मला आधी शिंक येते. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत तळमजल्याला त्यांची अभ्यासिका होती, आणि तिथे पोरं ज्या खाकी कागदावर आपलं पुढचं आयुष्य काढायची, तो कागद लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानातून यायचा. गुंडाळी उलगडली की आधी मिरची नाकात जायची, मग बाकीचं सगळं. दहावी-बारावीची दहा-पंधरा पोरं जमिनीवर ओणवी होऊन शिंकताहेत आणि सर मनगटावरच्या घड्याळात बघून म्हणताहेत, "झालं? सहा सत्तावीस झाले. आता शेवटचा थांबा लिहा." हे दृश्य मी सहा वर्षं दर शनिवारी पाहिलं. त्यातल्याच एका कागदाने सरांचं काय केलं, तेही पाहिलं.

विश्वनाथ कासारे हे तसे मास्तर नव्हतेच. त्यांची उभी नोकरी बस डेपोत टाइमकीपर म्हणून गेली. कुठली गाडी कितीला सुटली, किती मिनिटं रखडली, कुठल्या फेरीवर कोण ड्रायव्हर, हे चोख लिहिणं एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्त झाल्यावर माणसाची सवय सुटते म्हणतात, यांची घट्ट झाली. ते कधी 'साडेसहा' म्हणाले नाहीत. सहा एकोणतीस, नाहीतर सहा एकतीस. अंगाने काटकुळे, शर्ट कायम पांढरा, उजवा गुडघा दुखरा आणि खिशात डेपोतली जुनी शिट्टी. ती त्यांनी अभ्यासिकेत कधी फुंकली नाही. पोरं फार कालवा करायला लागली की खिशातून काढून टेबलावर ठेवायचे, बस. लग्न का केलं नाही हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही, आणि मला विचारायची हिंमत होत नाही अशा गोष्टी फार थोड्या आहेत.

अभ्यासिकेची खोली मूळची त्यांच्या गावकीची. मिल चालू होत्या तेव्हा रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावची वीस-पंचवीस माणसं त्या एका खोलीत पाळीपाळीने झोपायची. एकाने उठायचं, कामावर जायचं, आणि त्याच चटईवर रात्रपाळी करून आलेल्याने आडवं व्हायचं. भिंतीवर प्रत्येकाची एक खुंटी. मिल गेल्या, माणसं गेली, खुंट्या राहिल्या. सरांनी त्या खुंट्यांना पोरांच्या कागदाच्या गुंडाळ्या टांगल्या. खाली नावाची चिठ्ठी. खोलीच्या दारात रस्त्यावर उतरायला तीन दगडी पायऱ्या होत्या, उंच आणि झिजलेल्या, आणि त्या उतरताना सर रोज चौकटीला धरून एक शिवी गिळायचे.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती माझ्या नसत्या उदारपणामुळे. मी गिरगावात एका बँकेत होते. घरी इंग्रजी पेपरांचा ढीग साठला होता, तो रद्दीवाल्याला देण्याऐवजी अभ्यासिकेत द्यावा म्हणून खाली गेले. सरांनी ढीग घेतला, तारखेप्रमाणे लावला, आणि मला विचारलं, "परबबाई, शनिवारी सहा ते सात तुम्ही काय करता?"

"काही खास नाही."

"पोरांना इंग्रजी अर्ज लिहायला शिकवाल?"

"बघू," मी म्हणाले.

त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं. तिथे पोरांच्या चपला होत्या. मला वाटलं, मी चपला घालून आत आले म्हणून सांगताहेत. एक पोरगी खुदकन हसली आणि म्हणाली, "मॅडम, 'बघू', 'जमलं तर' आणि 'करीन कधीतरी' हे इथे चपलांबरोबर बाहेर काढून यायचं." मी शनिवारचं कबूल केलं. न करून सांगते कोणाला?

त्यांची पद्धत बसच्या वेळापत्रकाचीच होती, फक्त उलटी. कागदाच्या वरच्या टोकाला शेवटचा थांबा लिहायचा, म्हणजे पोहोचायचंय कुठे ते. मग सर विचारणार, "त्याच्या आधी?" पोरगं आधीचा थांबा लिहिणार. "त्याच्या आधी?" असं करत करत कागदाच्या तळाशी यायचं, आणि तळाचा थांबा नेहमी एकच, 'उद्या सकाळी दहाच्या आत'. तिथे जे लिहाल ते उद्या सकाळी दहाच्या आत व्हायलाच पाहिजे. 'मोठा माणूस होणार' हा थांबा त्यांना चालायचा नाही. "त्या स्टॉपवर गाडी थांबत नाही," म्हणायचे. आणि एक नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता, की कागद ज्याचा पेन्सिल त्याची. कोणाच्या कागदावर त्यांनी कधी काना-मात्रा सुधारली नाही. चुकलेलं दिसलं तर बोटाने दाखवायचे, लिहायचे नाहीत.

ओंकार नावाचा एक वाह्यात पोरगा होता. दहावीत एकदा गटांगळी खाल्लेला. त्याने शेवटच्या थांब्यावर लिहिलं, 'यूट्यूबर'. खोली फुटली हसून. मीही हसले. सर हसले नाहीत. "त्याच्या आधी?" ओंकारने जरा बावचळून लिहिलं, 'खूप व्ह्यूज'. "त्याच्या आधी?" 'चांगले व्हिडिओ.' "त्याच्या आधी?" असं सव्वा तास चाललं. शेवटी तळाशी आलं, 'उद्या सकाळी दहाच्या आत आई घावणे घालते ते तीन बाजूंनी शूट करणे.' दुसऱ्या दिवशी नऊ पन्नासला सर त्याच्या दारात हजर. ओंकारची आई नंतर मला सांगत होती, "मेल्याने माका तीनदा घावणो उलथूक लावल्यान, आणि हे सर आपले घड्याळ धरून उभे!" तो ओंकार आज लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या एका स्टुडिओत कामाला आहे आणि माझ्यापेक्षा उशिरा उठतो. यूट्यूबर झाला नाही. पण आपल्या पायावर आहे.

कागद भरला की सर पोरांना एका फेरीवर पाठवायचे. ज्या गेटातून आत जायचंय ते गेट आधी बाहेरून बघून या, वॉचमनशी दोन शब्द बोला, आत जाऊ दिलं तर आत जा. त्या फेरीमुळेच प्रज्ञाचा शेवटचा थांबा ठरला.

प्रज्ञा म्हणजे मला चपलांचा नियम सांगून हसली ती. वडील लहानपणीच गेलेले. आई, सुनंदा, लालबागला मसाला कुटायच्या डंकावर कामाला, आणि आमचा खाकी कागद यायचा तो तिच्याच हातून. दर महिन्याला एक भेंडोळं आणून टेबलावर ठेवायची आणि चहासुद्धा न घेता जायची. प्रज्ञाला हॉस्पिटलात काहीतरी व्हायचं होतं, काय ते कळत नव्हतं. सरांनी तिला परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. "ओपीडीत बसून ये. कोण काय करतंय ते बघ. दुपारी येऊन सांग."

ती आली ती धावतच. "सर, तिथे ना, एका खोलीत लाकडाचा जिना आहे. तीनच पायऱ्या. वर काहीच नाही! चढायचं आणि पलीकडे उतरायचं. एक आजोबा होते, मिलमध्ये होते म्हणे, कंबर मोडलेली. एक मॅडम त्यांना शिकवत होती. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. सर, ते आजोबा तिसऱ्यांदा एकटे उतरले आणि लहान पोरासारखे हसले." मग तिने वाकून कागदाच्या टोकाला लिहिलं, 'फिजिओथेरपिस्ट'. तेव्हापासून सर दारातल्या पायऱ्या उतरायला लागले की ही आतून ओरडायची, "दुखरा पाय आधी, सर!" सर मुद्दाम चुकीचा पाय टाकायचे आणि कळवळायचे. त्यांना कोणी सांगितलेलं आवडायचं नाही. तिने सांगितलेलं मात्र आवडायचं.

पोरगी हुशार होती. खाली मान घालून अभ्यास करणारी, आणि मान वर केली की थेट प्रश्न विचारणारी. सर तिच्याबद्दल बोलताना घड्याळ बघायला विसरायचे. मी एकदा चिडवलं तर म्हणाले, "परबबाई, ही गाडी वेळेवर पोहोचणार. लिहून ठेवा."

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं कोणाला सांगितलेलं नाही.

अभ्यासिकेत एक न लिहिलेला नियम होता. कागदावर जात येता कामा नये. आमच्याकडे सगळ्या घरांतली पोरं यायची, बौद्ध, मराठा, भंडारी, एक-दोन उत्तरेकडची. सर स्वतः बौद्ध. सुनंदा आली की दोघं एकमेकांना 'जय भीम' म्हणायची, खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती होती, यात लपवालपवी काही नव्हती. पण कागदावर नाही. एकदा मी कारण विचारलं. बराच वेळ ते शिट्टी पुसत बसले. मग म्हणाले, नोकरीला लागले तेव्हा डेपोत ड्युटीचा फळा असायचा. रोज सकाळी त्यांच्या नावापुढे कोणीतरी खडूने 'कोटा' लिहून ठेवायचं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"मग तुम्ही काय केलंत?"

"रुमालाने पुसायचो. पाच अठ्ठावन्नला पोहोचायचो, बाकीचे सहाला यायचे. दोन मिनिटांत पुसून व्हायचं."

"किती दिवस?"

"दिवस कुठले? दोन वर्षं."

हे सांगताना त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. मला रडू आलं आणि त्याचीच मला लाज वाटली, कारण सोसलं त्यांनी होतं.

प्रज्ञाचं बारावीचं वर्ष सुरू झालं त्या महिन्यातला एक शनिवार. ती जरा लवकर आली. कागद उलगडलेला, आणि 'बारावी' व 'प्रवेश' या दोन थांब्यांच्या मध्ये तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात एक नवा थांबा घातला होता, 'जात पडताळणी'.

"सर, कॉलेजात नोटीस लागलीय. अर्ज आत्ताच टाकायला सांगितलाय. खूप टाइम लागतो म्हणे. आजोबांच्या शाळेचा दाखला पण लागणार, गावाहून."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. तो दाखला खरा आहे असं सरकारी समितीचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या काळचे पुरावे, वंशावळ, शपथपत्र, हेलपाटे. महिनेच्या महिने जातात. मला तेव्हा यातलं काहीही माहीत नव्हतं. माझ्यावर कधी वेळच आली नव्हती.

सरांनी तो थांबा वाचला. मग खाली वाकून तिच्या कंपासातला खोडरबर उचलला आणि स्वतःच्या हाताने तो खोडून टाकला. तोवर त्यांनी कोणाच्या कागदाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. खाकी कागद धड खोडला जात नाही, त्याची लव उठते. तिथे एक पांढुरका, केसाळ डाग उरला.

"हा थांबा तुझ्या रस्त्यावर नाही," सर म्हणाले. "तू ओपनमधून जाशील. कोणाला तुझ्याकडे बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही आपण."

"पण सर, नोटीस..."

"नोटिशी लागतच असतात. तू फिजिक्स बघ."

तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी हसून मान डोलावली. हे मला लिहिलंच पाहिजे. मला ते फार आवडलं होतं. केवढा स्वाभिमान, केवढी जिद्द, असं काहीबाही माझ्या मनात आलं, आणि त्या रात्री मी ते घरी कौतुकाने सांगितलंसुद्धा. टाळ्या वाजवायला माझं काय जात होतं?

बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली, याद्या लागल्या. प्रज्ञाला मार्क चांगले होते. ओपनच्या यादीला मात्र थोडे कमी पडले, अगदी थोडे. राखीव जागांच्या यादीत तिच्याहून कमी मार्कांच्या मुली आत गेल्या होत्या. प्रवेशाची कागदपत्रं तपासून घ्यायला सर तिच्याबरोबर गेले होते. काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं, मिनिटं मोजून सांगावं तसं. खिडकीवरच्या बाईंनी पडताळणीचं प्रमाणपत्र मागितलं, "व्हॅलिडिटी?" नाही. "बरं, निदान अर्ज टाकल्याची पावती?" तीही नाही. "मग तुला ओपनमध्येच धरणार बाळा." सर पुढे झाले. "मॅडम, आठ दिवस द्या." बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "काका, आठ दिवसांत नाही होत हे. आधी यायला हवं होतं." उशिरा आलेल्या माणसाला काय सांगायचं असतं, हे सरांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. ते बाजूला झाले आणि रांगेतल्या पुढच्या मुलीला जागा दिली.

खासगी कॉलेजची फी ऐकूनच विषय मिटला. त्या महिन्याच्या शनिवारी सुनंदा नेहमीसारखी आली. काखेत खाकी कागदाचं भेंडोळं, हात मनगटापर्यंत लाल. पोरं बसलेली. सर उभे राहिले.

"सर," ती म्हणाली, "तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. पोरगी सांगत होती मला, आई, फॉर्म टाकून ठेवूया, टाकायला काय जातंय. मी म्हटलं, गप, सरांना जास्त कळतं." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचा मान राहिला. माझ्या पोरीची सीट गेली."

"चूक माझी आहे," सर म्हणाले.

"ते माहितीय मला. ते ऐकायला नाय आले मी."

"मग?"

"कागद द्यायला आले. बाकीची पोरं आहेत ना."

तिने भेंडोळं टेबलावर ठेवलं आणि गेली. त्या दिवशी कोणीच कागद उलगडला नाही. सरांनी शिट्टी काढून टेबलावर ठेवली, खरं म्हणजे खोलीत आधीच चिडीचूप होतं.

प्रज्ञाने पुन्हा परीक्षेला बसावं म्हणून सर तिच्या घरी गेले. मी बरोबर होते. ती दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. लोअर परळच्या मॉलमध्ये चष्म्याच्या एका दुकानात ती लागली होती, अंगावर दुकानाचा काळा टी-शर्ट होता.

"सर, प्लीज, आता मला ते विचारू नका," ती म्हणाली. "उद्या सकाळी दहाला मला दुकान उघडायचंय. तेवढंच आहे उद्या सकाळी."

सरांनी मान हलवली. जिना उतरताना मी मागून म्हणाले, सर, चांगला पाय, दुखरा पाय, काय ते बघा. त्यांनी ऐकलं नाही.

त्यानंतरचे सर मला आवडले नाहीत. ते कोणालाही 'त्याच्या आधी?' विचारेनासे झाले. पोरगं कागद घेऊन आलं की म्हणायचे, "तुला काय वाटतं? तसं कर." पंधराची दहा पोरं झाली, दहाची सहा. मी एका शनिवारी पोरं गेल्यावर त्यांना झापलं. "तुम्ही चुकलात, मीही चुकले. म्हणून या सहा जणांना वाऱ्यावर सोडणार का? त्यांनी काय घोडं मारलंय?"

ते म्हणाले, "परबबाई, मी त्या पोरीचा थांबा खोडला ना, तेव्हा मला वाटलं मी फळाच पुसतोय."

पण पुढच्या शनिवारी त्यांनी दारातून आत येणाऱ्या पहिल्या पोराला विचारलं, "जातीचा दाखला काढलाय का? पडताळणी? आईला बोलाव उद्या." त्या दिवसापासून प्रत्येकाला हेच पहिलं. तोंडाने विचारायचे. लिहायचं ते पोरांनी लिहायचं. सरांच्या हातून तो शब्द कागदावर उतरलेला मी तोवर पाहिला नव्हता.

आणि त्यांनी प्रज्ञाच्या पडताळणीचं काम अंगावर घेतलं. तिच्या सह्या सुनंदामार्फत मागवल्या. पोरीने त्या करून पाठवल्या. आजोबांचं गाव सरांच्या गावापासून दोन डोंगर पलीकडे. तिथल्या शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. सर तीनदा गेले. तिसऱ्या वेळी शेजारच्या गावच्या शाळेत आजोबांच्या सख्ख्या भावाची नोंद सापडली. गुडघा सुजलेला, बॅगेत कागद, अशा अवस्थेत ते परत आले तेव्हा मी म्हणाले, "फोनवर नसतं का झालं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. समितीने प्रकरण एकदा परत पाठवलं, पुन्हा दाखल झालं. सव्वा वर्षाने प्रमाणपत्र हातात पडलं. तोवर आमची चाळ पाडायचं नक्की झालं होतं.

खोल्या रिकाम्या करायची तारीख लागली. सर गावी जाणार होते, भावाकडे, आणि तसे ते गेलेही. हल्ली फोनवर बोलणं होतं, तब्येत विचारली की वेळ सांगतात. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अभ्यासिकेतल्या शेवटच्या शनिवारी. खुंट्यांवरच्या गुंडाळ्या ज्याच्या त्याला परत द्यायच्या होत्या. जुनी पोरंही आली. ओंकार आपली घेऊन गेला आणि जाताना आमचा सगळ्यांचा व्हिडिओ काढून गेला. एकेक खुंटी मोकळी होत गेली. शेवटी एक गुंडाळी राहिली. सर घड्याळ बघत होते आणि बघत नाहीत असं दाखवत होते.

सहा एक्केचाळीसला प्रज्ञा आली. दुकानाचा टी-शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. चपला बाहेर काढल्या. सरांनी गुंडाळी दिली, तिने ती जमिनीवर उलगडली, आणि दोघंही शिंकली. मग सरांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधलं प्रमाणपत्र कागदाशेजारी ठेवलं. तिने ते सावकाश वाचलं. तिची नजर त्या पांढुरक्या डागावर गेली आणि तिथेच राहिली.

सरांनी पेन्सिल पुढे केली. "हा थांबा झाला. लिही."

तिने पेन्सिल घेतली नाही. "तुम्ही लिहा, सर."

"कागद तुझा आहे."

"हो. पण खोडलं तुम्ही होतं."

ती रागाने बोलली नाही. सर गुडघ्यावर हात देत, कण्हत, जमिनीवर बसले आणि कागदावर वाकले. उठलेल्या लवेत पेन्सिलीचं टोक अडकत होतं. त्यांनी पहिलं अक्षर गिरवलं, मग दुसरं. डेपोच्या वहीत गाड्यांच्या वेळा लिहिल्या असतील तशा सरळ, उभ्या अक्षरात त्यांनी 'जात पडताळणी' लिहिलं, आणि सवयीने पुढे वेळही टाकली. सहा बावन्न. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. टकलावर घाम दिसत होता.

प्रज्ञाने कागद गुंडाळला, रबर लावलं, प्रमाणपत्र त्याच्यात सरकवलं.

"पुढे?" सरांनी विचारलं. इतक्या हळू मी त्यांना काही विचारताना ऐकलं नव्हतं.

"बघू, सर," ती म्हणाली.

मी दाराकडे पाहिलं, चपला तिथेच होत्या. सरांनी बोट दाखवलं नाही. नुसती मान हलवली आणि उठायला लागले, पण गुडघा उचलेना. प्रज्ञाने पिशवी खाली ठेवली, त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं. दारापर्यंत चालवत नेलं. पायऱ्यांपाशी सर नेहमीसारखे चौकट धरायला गेले, तर तिने त्यांचा हात चौकटीवरून काढून आपल्या खांद्यावर ठेवला, आणि स्वतः एक पायरी खाली उतरून त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"दुखरा पाय आधी," ती म्हणाली.

मी आतून बघत होते. या वेळी सरांनी दुखराच पाय आधी टाकला.